पाठीवरून कापायचा बोर्ड

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बी.कॉम., आणि तेही एकदाही न अडखळता. आई गणेशवाडीत फुलं विकायची, वडील तिला हार ओवायला मदत करायचे, आणि दोघांनाही स्वतःच्या सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. आज मी अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळते. माझ्या सहीशिवाय तिथे नटबोल्टसुद्धा आत येत नाही. हे मी लाजत सांगत नाही.

लोकांना मात्र यात एक गोष्ट घालायची फार हौस असते. मोठ्या भावाने बहिणीसाठी शाळा सोडली, वगैरे. तसं काही झालेलं नाही. दादा नववीत नापास झाला, आणि निकालाच्या दिवशी त्याच्याइतकं खुशीत घरात कोणी नव्हतं. आईच्या टोपलीसमोर फोटो फ्रेमचं दुकान होतं. फोटो तिथे घ्यायचा आणि हार आमच्याकडे, अशी गिऱ्हाइकांची सोय. दादा त्या दुकानात जाऊन बसायला लागला तो बसलाच. पुढे मालक थकून मुलाकडे सुरतला गेले आणि दुकान दादाकडे आलं.

फ्रेम ठोकणं हे त्याच्या लेखी कामच नव्हतं. चार पट्ट्या, चार खिळे, एक काच. "ते कोणी पण करंल," म्हणायचा. त्याचं खरं काम माउंटचं. फोटोच्या भोवती जाड पुठ्ठ्याची चौकट असते ना, तो माउंट बोर्ड. वरून रंगीत, पोटात पांढरा. त्याच्या मधोमध फोटोच्या मापाची खिडकी कापायची, पण सरळ नाही, तिरकी. म्हणजे कापलेली कड उताराची होते आणि आतला पांढरा भाग फोटोच्या चारही बाजूंनी बारीक रेघेसारखा दिसतो. त्या रेघेमुळे साधा पासपोर्ट फोटोसुद्धा घरंदाज वाटायला लागतो. यासाठी मुठीत मावेल असं एक कटर असतं. लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा, आणि एका कुशीतून ब्लेडचं टोक तिरकं बाहेर आलेलं. डाव्या हाताने पट्टी दाबून धरायची, उजव्या हाताने ठोकळा पट्टीला चिकटवून ओढायचा. एक बाजू झाली की बोर्ड वळवायचा. चौथी बाजू संपली की मधला तुकडा आपोआप खाली पडला पाहिजे. बोटाने ढकलावा लागला तर कोपरा कच्चा.

आणि हे सगळं बोर्डाच्या पाठीवरून करायचं. खुणा पाठीवर, ब्लेड पाठीतून. तोंडावरून कापलं तर उतार उलटा होतो, पांढरी कड मागे जाते आणि पुढून नुसतं एक भोक दिसतं.

दादाला त्याच्या कोपऱ्यांचा गर्व होता, आणि तो त्याने कधी लपवला नाही. माझी पदवी त्याने फ्रेम केली तेव्हा घरी आलेल्या प्रत्येकाला तो बोटाने कोपरेच दाखवत होता.

"अरे, वर लिहिलंय ते तरी वाचू दे त्यांना," मी म्हटलं.

"ते काय सगळ्यांच्यावर सारखंच लिहिलेलं असतं. हा कोपरा बघा मामा. चारही सारखे. नाशकात दाखवा दुसरा."

पन्नाशी ओलांडली तसे त्याचे डोळे जायला लागले. साखर कितीतरी वर्षांपासून होती, आणि तिच्याशी तो उधार मागणाऱ्या गिऱ्हाइकासारखा वागायचा. समोर आली की दुसरीकडे बघायचा. वहिनी ओरडायची, मी ओरडायचे, तो चहात साखर टाकायचा. मग पेन्सिलची रेघ दिसेना. डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, सुया झाल्या, लेसर झालं. डॉक्टर तरुण होते, भले होते. म्हणाले, "जे गेलं ते परत येणार नाही. जे आहे ते आपण टिकवू."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "टिकवू म्हणे. लोणचं हाय का?"

वहिनी हसली नाही. मी हसले, आणि रिक्षात बसल्यावर मला ते हसणं नकोसं झालं.

दुकानात पेन्सिलच्या जागी जाड काळा मार्कर आला. तोही दिसेना तेव्हा कोपरे चुकायला लागले. ब्लेड खुणेच्या पुढे गेलं की माउंटच्या तोंडावर, कोपऱ्याबाहेर केसासारखी चीर येते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. दादालाही दिसत नव्हती, पण तो अंगठ्याच्या पोटाने चाचपून शोधायचा आणि तो बोर्ड बाजूला टाकायचा. दिवसाच्या शेवटी वहिनी त्या टाकलेल्या बोर्डांचा गठ्ठा बांधायची. तो गठ्ठा वाढत गेला.

त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. तो फोनवर म्हणाला, दुकान द्या कोणाला तरी चालवायला, पप्पांनी नुसतं गल्ल्यावर बसावं. वहिनीलाही ते पटलं. मलाही, खरं सांगायचं तर. आम्ही तिघांनी मिळून ते त्याच्यासमोर मांडलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फ्रेम कोणाकडून पण ठोकून घ्या. गल्ल्यावर तिला बसवा. पण कापणार मी. मला तेवढं एक राहू द्या. मग मी काय बोलणार नाय." एवढंच त्याचं मागणं होतं. ब्लेड त्याच्या हातात असावं.

मी त्यावर विचार करत राहिले. आमच्या कारखान्यात एकसारखे ढीगभर पार्ट निघतात. ते काही कामगारांची नजर चांगली म्हणून नाही. पार्ट ठेवायला खाचा असतात, हत्यार थांबायला अडसर असतात. डोळे मिटून केलं तरी चुकायला जागा नको, अशीच मांडणी केलेली असते. मग माउंटला का नाही? मी कागदावर आकृती काढली, टूलरूममधल्या आमच्या फिटरला दाखवली, आणि त्याने मला एक अॅल्युमिनियमची पाटी करून दिली. दोन बाजूंना उभी कड, बोर्ड त्या कोपऱ्यात दाबून बसवायचा. वर सरकती पट्टी. पट्टीवर दोन अडसर, कटर एकापासून सुरू होऊन दुसऱ्याला टक्कर देऊन थांबणार. माप एकदा लावून स्क्रू आवळले की डोळ्यांची गरजच नाही.

रविवारी ती पाटी स्कूटीच्या पायाशी ठेवून दुकानात घेऊन गेले. दादाने दोन्ही हातांनी चाचपली.

"हे काय, पोळपाट आणला का?"

"पोळपाट असता तर मला तरी कामाला आला असता," वहिनी म्हणाली.

मी त्याला समजावलं. त्याने पहिला बोर्ड बसवला, कटर ओढलं, टक्. अडसराला लागलं. बोर्ड वळवला, टक्. चौथ्या टक् आवाजानंतर बोर्ड उचलताच मधला तुकडा त्याच्या मांडीवर पडला. त्याने चारही कोपऱ्यांतून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला.

"काय मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या कंपनीत मशीनवाले आंधळेच ठेवले का सगळे?"

हे त्याच्या भाषेत कौतुक होतं, आणि मी ते तसंच घेतलं. त्या दिवशी घरी जाताना मी होळकर पुलावर उगाच गाडी थांबवून गोदावरीकडे बघत उभी राहिले. मला वाटलं, जमलं. आमच्या घराण्यात आजवर जे आलं ते सोसलं गेलं, कोणी त्यावर काही उपाय काढला नव्हता. मी काढला होता.

काही महिने खरंच चांगले गेले. दर रविवारी मी जायचे, आठवड्याच्या ऑर्डरींची मापं लावून द्यायचे, तो कापायचा. "मॅडम, जरा सरकवा. मॅडम, स्क्रू ढिला हाय, पगार कापीन." बाजारातले लोक थांबून बघायचे. त्यांच्यासमोर तो मुद्दाम मान वर करून, भलतीकडे तोंड करून कापायचा.

सगळ्यात मोठं काम येवल्याच्या एका विणकराचं होतं. तो पैठणीच्या हातमागावर छोटे छोटे चौकोन विणायचा, एकात मोर, एकात पोपटांची जोडी, एकात कमळ. दादा ते गडद बोर्डाच्या माउंटमध्ये बसवून द्यायचा आणि पुढे तो ते पैठणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना विकायचा. चौकोनांचं माप कधी बदलत नसे. त्यामुळे पाटीवरचे अडसर त्या मापाला लावून ठेवले की दादाला माझीही गरज नव्हती. त्याच्या ते लगेच लक्षात आलं.

मध्येच एकदा वहिनीचा ऑफिसात फोन आला. "ताई, हे आज दुकानातून एकाच चपलेने घरी आले."

"म्हणजे? दुसरी तुटली?"

"तुटली नाही. निसटली कुठंतरी. एवढी वाट चालत आले एका अनवाणी पायाने. मी दारात विचारलं, चप्पल कुठंय, तर म्हणे पायातच हाय."

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, चप्पल ढिली झाली होती, आणि तुम्हा बायकांना फोनवर दुसरा विषय नाय का? मी परचेस ऑर्डरच्या गर्दीत होते. विषय तिथेच संपला.

त्यानंतरच्या रविवारी दुकानात गेले तर तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. केस तेल लावून बसवलेले. समोर वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा.

"या मॅडम. आज तुम्हाला सुट्टी. येवल्याचं सगळं मी एकट्यानं काढलं. हिला पण हात लावू दिला नाय."

वहिनी पायरीवर बसून फुलवाल्याशी भांडत होती. ती वळून म्हणाली, "तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत ताई. नुसतं टक् टक् टक्."

मी कागद उघडला. वरचा माउंट काळ्या बोर्डाचा होता. मी हातात घेतला आणि मला क्षणभर कळलंच नाही काय चुकतंय. खिडकी बरोबर होती, माप बरोबर होतं. पण पांढरी रेघ नव्हती. काळ्या बोर्डात नुसतं चौकोनी भोक. मी उलटा केला. उतार मागच्या बाजूला होता, चारही कडांना, स्वच्छ पांढरा. दुसरा घेतला. तिसरा. मग सगळा गठ्ठा पत्त्यांसारखा पसरला. सगळे तसेच. कोपरे मात्र असे होते की त्याने उमेदीच्या वर्षांतही इतके नेमके काढले असतील की नाही, मला सांगता येत नाही. एकही चीर नाही. सगळे कोपरे पाठीवर.

"दादा, हे कुठल्या बाजूने कापलेस?"

"कुठल्या म्हणजे? पाठीवरून. आजवर दुसरीकडून कधी कापलंय का?"

"उतार मागे आलाय."

"कायतरी बोलू नको."

"सगळ्यांचा मागे आलाय. तोंडावरून कापलेत तू."

तो हसला. "अगं, मला बोटाला कळतं. तोंड खरखरीत असतं, पाठ साबणासारखी. अंधारात ठेव, मी सांगीन."

ते खरंच होतं. आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं. बोर्डाच्या रंगीत बाजूला बारीक पोत असतो आणि तो बोर्ड उचलता उचलता चिमटीत कळतो. मी एक कोरा बोर्ड घेतला आणि त्याच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

त्याने अंगठा आणि तर्जनीने चोळलं. "तोंड."

पाठ होती. मी बोर्ड उलटा केला आणि पुन्हा त्याच्या चिमटीत दिला. या वेळी त्याने जास्त वेळ घेतला. दुसऱ्या हाताने चोळलं. मग गालाला लावलं.

"हे पण तोंडच. तूच फिरवाफिरवी करून चकवतीस मला."

मी तिसऱ्यांदा बोर्ड पुढे केला नाही. वहिनी पायरीवरून उठून आत आली होती. "पुरे," ती मला म्हणाली. मग, त्याच्याकडे न बघता, "मी झाडताना कोऱ्या बोर्डांचा गठ्ठा उचलला होता. ठेवताना उलटा ठेवला असेन मी."

म्हणजे एवढंच झालं होतं. एरवी बोर्ड नेहमी पाठ वर करून रचलेले असत, तो वरून एकेक उचलायचा आणि तसाच पाटीत बसवायचा. गठ्ठा उलटला, तो तसाच कापत गेला. आणि याचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. गेले कित्येक आठवडे, किंवा महिने, त्याच्या बोटांना काहीच कळत नव्हतं. गठ्ठा सरळ होता म्हणून काम सरळ निघत होतं. कोपऱ्यांतून अंगठा फिरवून तो "बरोबर" म्हणायचा आणि आम्ही मान डोलवायचो. माझ्या पाटीने कोपरे चुकू दिले नाहीत, म्हणून त्याच्या अंगठ्यातलं गेलेलं कोणाला दिसलंच नाही.

विणकर त्याच दुपारी यायचा होता, आणि तो आला. सभ्य माणूस, दादापेक्षा थोडा लहान. तो दादाला उस्ताद म्हणायचा.

"उस्ताद, झालं का आमचं?"

दादाने गठ्ठा पुढे सरकवला. "झालं. या वेळेस जरा नवीन पद्धत केली. कड दिसत नाय. एकदम साफ दिसतं, मोर नुसता उठून येतो."

विणकराने एक माउंट उचलला. त्याने तो उलटा केला, सरळ केला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसू शकले असते. पण खोट्या मालावर होकार देणं मला नोकरीतही जमलेलं नाही.

"उलटे कापले गेलेत," मी म्हटलं. "आठवडाभर द्या, दुसरे करून देतो."

दादाची मान माझ्याकडे वळली, म्हणजे मी जिथे आहे असं त्याला वाटत होतं तिकडे.

विणकर म्हणाला, "राहू द्या ताई. काय बिघडत नाही. असं पण बरं दिसतं." त्याने गठ्ठा परत कागदात गुंडाळला, सुतळी मागितली, स्वतःच बांधला, आणि बसच्या वेळेचं काहीतरी बोलून गेला. जाताना त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात पाहून कळलं की हा माणूस आता काम आणणार नाही.

तसं नाही, तो एकदा आला. पण येताना माउंट बरोबर घेऊन आला. कुठल्यातरी लेसर मशीनवर कापलेले, कडा सरळ आणि किंचित तपकिरी, जळल्यासारख्या. "उस्ताद, तुमचा त्रास वाचवला," तो म्हणाला. "तुम्ही फक्त फ्रेम घालून द्या." दादाने फ्रेम घालून दिल्या. वहिनीने ठोकल्या, त्याने काच पुसली.

साखरेच्या डॉक्टरांनी तपासलं. एका काडीला लावलेला नायलॉनचा धागा त्यांनी त्याच्या पायांवर, मग बोटांवर जागोजागी टेकवला आणि दर वेळी विचारलं, कळतंय का? दादा सुरुवातीला हो म्हणत होता. डॉक्टरांनी धागा न टेकवता विचारलं, तेव्हाही तो हो म्हणाला. मग ते थांबले. डोळ्यांचं झालं तेच नसांचं झालं होतं. पाय आधी गेले होते, आता हात. मी विचारलं, परत येईल का? ते काहीतरी सौम्य बोलले. सौम्य बोलणाऱ्या लोकांचा मला आता राग येतो. मी पुरवठादारांशी बोलते तेव्हा माल येणार की नाही एवढंच विचारते, आणि उत्तर मिळतं. इथे मिळत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

मी दादाला म्हटलं, "मी कापते. तू शेजारी बसून सांग."

"तू कंपनीत सह्या कर," तो म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. मॅडम म्हणणंही बंद झालं.

त्याने कापणं सोडलं नाही. कामाचं नव्हे, टाकलेल्या बोर्डांचं. वहिनीने बांधून ठेवलेले ते जुने गठ्ठे तो सोडायचा आणि पाटीत बसवून त्यांच्यातच आणखी खिडक्या कापायचा. वहिनी म्हणायची, कापू दे, तेवढा वेळ गप्प असतात. मग एका दुपारी ती चहा घेऊन आली तर पाटी लाल झालेली. डाव्या अंगठ्यातून ब्लेड गेलं होतं, पट्टी दाबून धरतो त्या अंगठ्यातून, आणि तो कापतच होता. तिने हात धरला तेव्हा म्हणाला, "काय झालं? का ओरडतीस?"

ती जखम भरली नाही. काळी पडली. शेवटी अंगठ्याचं टोक काढावं लागलं. दवाखान्यात मी त्याच्या खाटेजवळ बसले होते. तो म्हणाला, "दुखत नाय बाई. दुखलं असतं तर बरं झालं असतं."

तो घरी आला त्या आठवड्यात मी दुकानात जाऊन कटरमधलं ब्लेड काढलं. स्क्रू ढिला केला, ब्लेड कागदात गुंडाळलं, बाकीची पाकिटंही पर्समध्ये टाकली. वहिनीला सांगितलं नाही. तिला विचारलं असतं तर ती रडली असती, आणि तो तिच्याकडून ब्लेड परत काढून घेऊ शकला असता. माझ्याकडून नाही.

मला वाटलं होतं तो इतक्यात दुकानात येणार नाही. पण पट्टी बांधलेल्या हातानेच तो पुन्हा यायला लागला, मुलाने फोनवर कितीही सांगितलं तरी. त्यानंतरच्या रविवारी मी गेले तेव्हा समोर फुलांचा बाजार भरात होता. कोणाकडे तरी लग्न असावं, झेंडूच्या टोपल्या उतरत होत्या, हमालांचा आरडाओरडा, टेम्पोचा हॉर्न. वहिनी बाहेर एका बाईला तयार फ्रेम दाखवत होती. दादा आत, पाटी मांडीसमोर घेऊन. त्याने बोर्ड कोपऱ्यात दाबून बसवला होता, डाव्या हाताचं मनगट सरकत्या पट्टीवर टेकवलं होतं, आणि उजव्या हाताने कटर ओढत होता. अडसरापर्यंत. बोर्ड वळवला. पुन्हा अडसरापर्यंत. मी दारात उभी राहिले. बोर्डावर चकाकणारी बारीक रेघ पडली होती, नखाने ओढल्यासारखी, बाकी काही नाही. चौथी बाजू झाली. तो तुकडा पडायची वाट बघत थांबला. मग बोर्ड उचलून हलवला, परत बसवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मला बघून शेजारच्या हारवाल्याने मान हलवली. म्हणजे हे बराच वेळ चाललं असणार.

"कोण?" दादाने विचारलं.

"मी."

"बस." त्याने आणखी एक बाजू ओढली. "आज बोर्ड चिवट लागलाय. पडतच नाय तुकडा."

मी बसले. त्याने कटर उचललं, उलटं केलं, आणि खालच्या बाजूवरून उजवा अंगठा फिरवला. एकदा, मग दुसऱ्या बोटाने, मग तळहाताने. जिथे ब्लेडचं टोक असतं त्या जागेवर तो थांबला, पुढे गेला, परत आला. मग कटर माझ्या दिशेने पुढे केलं.

"बाई, बघ बरं. ह्याच्यात ब्लेड हाय का?"

"नाही."

"पडलं का कुठं?"

"मी काढलं. आठवडा झाला."

त्याने कटर मांडीवर ठेवलं. बाहेर वहिनी त्या बाईला सांगत होती की सोनेरीमध्ये हीच साइज आहे, मोठी हवी तर मागवावी लागेल.

"मग सांगायचं ना," तो म्हणाला. "मी सकाळपासून कापतोय."